तागाची सात ठाणं

नववा महिना, नवमी

लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा मला म्हणाले होते, "त्या घरातली माणसं जिवंतांपेक्षा मेलेल्यांची काळजी जास्त घेतात. तुला जड जाईल, पोरी." बाबा होर्योंगच्या बाजारात बैल विकायचे. दात बघून बैलाचं वय सांगावं तसं त्यांनी माझं सासर एका वाक्यात सांगून टाकलं. त्याला पंचवीस वर्षं झाली. एरवी ते वाक्य माझ्या डोक्यात नसतं, आजच्या दिवशी मात्र हमखास येतं.

आज तिथी ठाऊक नसलेल्यांचं श्राद्ध. आमच्याकडे असे तिघे आहेत. एक आजेसासऱ्यांचे भाऊ, जिन्सेंगची औषधी मुळी शोधायला डोंगरात गेले ते आलेच नाहीत. दोघे चुलत दीर, जपान्यांनी देश घेतला त्या वर्षी पकडले गेले, पुढे काही कळलं नाही. त्यानंतरच आम्ही तुमन नदी ओलांडून इकडे चीनच्या हद्दीत आलो. घरात तांदूळ दोन वाट्या होता, तोही शेजारच्या क्योंगसंगवालीकडून मागून आणलेला. आधी तो त्या तिघांपुढे ठेवला, मग गार झाल्यावर आम्ही तिघांनी खाल्ला. आम्हीही आता तिघंच. मामंजी, माझा इनमो आणि मी. हे दुसऱ्या महिन्यात शाळेची किल्ली माझ्या हातात देऊन डोंगरात गेले, स्वातंत्र्यसेनेत. जाताना म्हणाले, "वही लिहितेस ती लिही, पण आमच्यातल्या कुणाचं नाव त्यात घालू नकोस." मी घातलेलं नाही.

त्या तिघांपुढे मद्याचा पेला ओतताना इनमोचा हात स्थिर होता. अठराचा झाला.

मामंजी म्हणाले, "बाप येईपर्यंत हे काम तुझं."

"आणि मीच बाबांकडे गेलो तर?"

"मग मी मेल्यावर माझ्यापुढे पेला कोण ओतेल? तुझी आई?"

"आई छान ओतेल. तुमच्यापेक्षा कमी सांडेल."

मामंजींनी हसू दाबण्यासाठी खोकल्याचं सोंग केलं. मी हसले नाही. जपानी पलटणी नदीच्या अलीकडे आल्यात असं सगळे सांगतायत. इनमोला डोंगरात जाऊ द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर सासऱ्यांचं आणि माझं एकमत आहे. त्यांना पेला ओतायला तो हवा आहे, मला तो नुसता हवा आहे.

नववा महिना, अकरावी

कालपासून पश्चिमेच्या डोंगरात तोफा वाजतायत. कुणीतरी रिकाम्या रांजणावर मुठी मारतंय असं वाटतं. छोंगसानच्या खोऱ्यात आपल्या लोकांनी जपान्यांना गाठलंय म्हणे.

सोल्बात वाडीतल्या सगळ्या चुली आज पेटल्या. राळ्याचा भात शिजवायचा, मीठ लावून गोळे वळायचे, डोंगरात पाठवायचे. क्योंगसंगवाली स्वतःचं पातेलं घेऊन माझ्याच चुलीशी येऊन बसली. तिच्याच घरी राहणारा तिचा धाकटा भाऊ ह्यांच्याच तुकडीत आहे.

"होर्योंगवाली, तुझा भात किती चिकट गं! शिपायानं हा गोळा खाल्ला तर त्याचा जबडा उघडायचा नाही, बंदूक काय झाडेल तो?"

"तुझा सुटा झालाय. वाटेतच सांडेल. मग चिमण्यांनाच लढायला सांगू."

हसलो. तोफ वाजली की हात थांबायचे, मग कुणीतरी काहीतरी बोलायचं आणि हात पुन्हा चालू व्हायचे.

नववा महिना, तेरावी

आज मीच गेले वर. टोपल्या डोक्यावर, पायात बर्फ. पहिल्या कड्याखाली आपली माणसं भेटली. तीन दिवस जेवली नव्हती. हात बंदुकीच्या दारूनं काळे झालेले, बोटं वाकत नव्हती, म्हणून आम्ही बायकांनी घास त्यांच्या तोंडात घातले. इनमोएवढाच एक जण चावता चावता झोपला. तोंडातला घास तसाच.

ह्यांच्याबद्दल विचारलं. एकानं सांगितलं, "गुरुजी पुढच्या कड्यावर आहेत, काकू. नेम धरायच्या आधी चष्मा पुसतात आणि तेवढ्या वेळात आमचं शुद्धलेखन सुधारतात."

पुढच्या कड्यावर आम्हाला जाऊ दिलं नाही.

उतरताना एक विचार मनात आला तो इथे लिहिते, कारण तो दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. त्यांच्या पायाला एखादी लहानशी गोळी लागावी. हाड वाचावं, पण बंदूक घेऊन चालता येऊ नये. घरी आणून टाकावं त्यांना. मी हे देवाकडे मागितलं नाही, फक्त मनात आलं. पण आलं.

नववा महिना, सतरावी

जिंकलो.

खोऱ्यात शेकडो जपानी पडले म्हणे, कुणी हजार सांगतं, क्योंगसंगवालीनं संध्याकाळपर्यंत तीन हजार केले. वाडीत उत्सव आहे. पोरं चौकात लढाई खेळतायत आणि होंग सेनापती कुणी व्हायचं यावरून मारामारी. चौथ्या महिन्यात पोंगो-दोंगला त्या होंग सेनापतींनीच जपान्यांना घळीत ओढून झोडलं होतं. ते पूर्वी वाघ मारायचे, त्यांच्या गोळीला वळता येतं, असं पोरांचं पक्कं मत आहे. जपानी व्हायला कुणीच तयार होत नाही, शेवटी डुकराला जपानी केलं.

मामंजींनी स्वतःहून मद्य मागितलं. इनमोला म्हणाले, "दहा वर्षांत मी आज पहिल्यांदा मान वर करून जेवलो."

मला आनंद झाला नाही असं नाही. पण जिंकलेली माणसं आता आणखी उत्तरेला, रशियाच्या हद्दीकडे निघालीत. त्यांना पाय आहेत. आम्हाला घरं आहेत, जमिनीत पुरलेले किमचीचे रांजण आहेत, म्हातारी माणसं आहेत. हरलेले लोक राग काढायला येतील तेव्हा त्यांना जिंकलेले सापडणार नाहीत, आम्ही सापडू. हे मी मामंजींना बोलले नाही. एक दिवस त्यांची मान वर राहू दे.

नववा महिना, अठरावी

डोंगरातून दोन माणसं आली. सात नावं सांगितली. सातही या वाडीतली.

ह्यांचं चौथं.

घळीत पडले. तोंड ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं, चष्मा शेजारी होता. तो त्यांनी आणून दिला. एक काच गेलेली. काडी मोडली होती ती मी काळ्या दोऱ्यानं बांधून दिली होती, तो दोरा तसाच आहे.

मी त्या दोघांना जेवायला वाढलं. दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा त्यातला मोठा म्हणाला, "बस करा, वहिनी, ताटातून खाली पडतंय."

नववा महिना, एकोणिसावी

सकाळी मामंजी ह्यांचं निळं जाकीट घेऊन छपरावर चढले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गवताचं छप्पर, त्यावर दहिवर. मी खाली शिडी धरून उभी होते.

"प्रेत नाही, मामंजी. थोडे दिवस थांबूया."

"त्याचा आत्मा थंडीत भटकत असेल आणि मी थांबू?"

उत्तरेकडे तोंड करून त्यांनी जाकीट हलवलं आणि मुलाला नावानं हाक मारली. घराण्याचं नाव, स्वतःचं नाव, आणि "परत ये". तीनदा. पंचवीस वर्षं जे नाव मी तोंडातून काढलं नाही, जे ह्यांनी वहीतसुद्धा लिहू दिलं नाही, ते सगळ्या खोऱ्यात ऐकू गेलं. मग बाकीच्या सहा छपरांवरही माणसं चढली. खोऱ्यात नावंच नावं. थोड्या वेळानं कोणती हाक कुणाची ते कळेना.

आता सुतकाचे कपडे. तीन वर्षांचं सुतक, आणि घरात तागाचं कापड वीतभर नाही.

देवानंच पाठवल्यासारखे दुपारी पेदादा आले. पेदादा माझ्या माहेरचे, होर्योंगचे. त्यांच्या आईनं मला लहानपणी स्वतःच्या ताटातून भरवलंय. बैलगाडीवर मीठ, सुके मासे आणि कापड घेऊन ते वाड्यावाड्यांतून योंगजोंग शहरापर्यंत फिरतात. त्यांनी ऐकलं आणि ते गाडीच्या चाकाला डोकं टेकून रडले.

"काय हवं ते सांग, ताई. सोयाबीन दे बदल्यात, जमेल तेवढं."

"ताग हवा. सात ठाणं."

"सात?" त्यांनी गाडीतली ठाणं मोजली. मग म्हणाले, "कुणाचे काठ दुमडायचे आणि कुणाचे नाही तेवढं सांग, म्हणजे त्या मापानं फाडतो. कापड वाया जायला नको."

बापासाठी मुलाचे आणि नवऱ्यासाठी बायकोचे कपडे काठ न दुमडता शिवायचे, सुतं लोंबती ठेवायची. भावासाठी, पुतण्यासाठी असेल तर काठ दुमडायचे. मी घराघराचं सांगितलं, कोण गेलं, मागे मुलगे किती, केवढे. त्यांनी पेन्सिल जिभेला लावून सगळं वहीत टिपून घेतलं. इतका नीटस माणूस मी दुसरा पाहिला नाही. एवढ्या गडबडीतही एकाचं माप चुकलं नाही.

जाताना इनमोच्या पाठीवरून हात फिरवला त्यांनी. "अगदी बापासारखा दिसतोस."

नववा महिना, एकविसावी

दोन दिवस शिवतेय. काठ न दुमडता शिवणं अवघड असतं. हाताला सवय दुमडायची, प्रत्येक वेळी बोट आपोआप कापड आत वळवतं आणि मला ते सोडवावं लागतं.

क्योंगसंगवाली भावासाठीचं शिवून घेऊन आली, सातांतलं एक नाव त्याचं. डोळे सुजलेले, तोंड मात्र चालू.

"हे घालून हिंडायचं म्हणजे कपाळावर लिहून हिंडायचं, आमच्या घरात बंदूकवाला होता म्हणून. म्हाताऱ्याला सांग की."

"तूच सांग."

"मला ते दारातूनच परत पाठवतील. तू सून आहेस, तुझं निदान ऐकून घेऊन नाही म्हणतील."

मी सांगितलं. म्हटलं, इनमोला हे घरातच घालू दे, बाहेर जाताना रोजचे पांढरे घालू दे, बर्फ वितळेपर्यंत तरी.

मामंजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "सूनबाई, त्यांनी देश घेतला. राजा घेतला. आता मुलानं बापासाठी रडायचं कसं, तेही त्यांना विचारून ठरवायचं का?"

मी उरलेली बाही शिवायला घेतली.

इनमोनं कपडे चढवले, कमरेला गवताची दोरी बांधली. "आई, फार टोचतंय."

"टोचायलाच हवं म्हणतात."

"मग एकदम बरोबर शिवलंयस."

तो अंगणात गेला. आमच्या सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांत तो पिवळट ताग फार लांबून दिसतो.

नववा महिना, चोविसावी

जपानी आज सकाळी जेवणाच्या वेळी आले.

घराघरांत शोधत बसले नाहीत. सरळ सात घरांत गेले. बरोबर आपलाच एक दुभाष्या होता. त्यानं पुरुषांना शाळेपुढे उभं केलं आणि एकेकाची बाही उलटी करून काठ बघितला. दुमडलेला असेल तर एका बाजूला. सुतं लोंबत असतील तर दुसऱ्या.

मामंजी पुढे झाले. "मी बाप आहे. त्याला मी वाढवलं. मला न्या." दुभाष्यानं ते जपान्यांना सांगितलंसुद्धा नाही, मामंजींना नुसतं हातानं बाजूला सारलं. मामंजींची बांबूच्या बारीक तारांची टोपी खाली पडली आणि कुणाच्या तरी बुटाखाली गेली. ते वाकून ती उचलू लागले. मला अजून तेच दिसतंय, तिथे एवढं चाललेलं असताना ते टोपीच्या तारा सरळ करत होते.

सुतं लोंबणारे नऊ जण. इनमोला आणि इतर दोघांना बांधून नेलं. उरलेल्या सहांना शाळेमागच्या शेतात नेलं. मग शाळा पेटवली, आणि सात घरं.

एक बोटभर कापड. शिवताना माझं बोट दर वेळी ते आत वळवत होतं. दर वेळी मीच ते बाहेर काढलं.

नववा महिना, अठ्ठाविसावी

क्योंगसंगवालीनं तिच्या जळलेल्या घराबाहेरच्या बटाट्याच्या खड्ड्यावर छप्पर घातलं, त्यात आम्ही चौघं राहतो. मामंजी, मी, ती, तिची सासू. वही किमचीच्या रिकाम्या रांजणात होती म्हणून वाचली. सहा जणांना पुरलं. त्यांच्यासाठी सुतकाचे कपडे शिवायचे का, हे या वेळी कुणी कुणाला विचारलं नाही.

आज पेदादा आले. मीठ आणि राळ्याचं पोतं आणलं. आणि बातमी.

इनमो जिवंत आहे. योंगजोंगला, जपान्यांच्या कचेरीत, कोठडीत. त्यांच्या तिथल्या ओळखीच्या माणसानं पाहिलाय.

"त्याला का ठेवलंय, दादा?"

"त्यांचा विश्वास नाही, ताई. म्हणतात, मास्तर मेलेला नाही, सुतकाचं सोंग केलंय. तो हजर झाला तर पोराला सोडू."

"पण तो मेलाय."

"हे मला ठाऊक आहे. त्यांना कोण सांगणार?" ते माझ्याकडे बघत राहिले. "मेलाच ना, ताई? माझ्यापासून काही लपवू नकोस. काही कळलं तर आधी मला सांग, मी मधे बोलतो."

गाडी गेल्यावर क्योंगसंगवाली म्हणाली, "एवढ्या वाड्या जळल्या, ह्याची बैलगाडी बरी कुठे अडत नाही."

मी इतकी चिडले की मलाच नवल वाटलं. ज्याच्या आईच्या हातचं मी खाल्लंय त्याच्याबद्दल असं बोलायचं? दुःखानं माणसाला सगळ्यांच्यात काळंबेरं दिसायला लागतं. नंतर तिनं माझ्या वाटीत तिच्यातला अर्धा बटाटा टाकला.

दहावा महिना, सातवी

योंगजोंगला चालत जायला दोन दिवस, यायला दोन. फाटकावर आठ तास उभी राहिले. शेवटी एक कारकून बाहेर आला, आपल्याच भाषेत बोलणारा, गोरागोमटा, हात शेकायचं भांडं घेऊन.

मी सांगितलं, माझा नवरा मेला. शपथ घेतली. चष्मा दाखवला.

"चष्मा मरत नाही, बाई. प्रेत कुठंय?"

"घळीत राहिलं."

"मग घळीत जा आणि घेऊन या."

मी म्हटलं, मुलाला एकदा बघू द्या. नाही. हे कपडे तरी त्याला द्या, पांढरे आहेत, दुमडून शिवलेले. ते मात्र घेतले. आतून त्याचे जुने परत आले, ताग. एका बाहीवर रक्त होतं, फार नाही. मी परतीच्या वाटेवर ते किती आहे हे पुन्हा पुन्हा बघत होते, जणू बघून कमी होणार होतं.

या महिन्याच्या अखेरीपर्यंत मुदत आहे, असं कारकून म्हणाला. मेलेल्या माणसाला मुदत.

दहावा महिना, सोळावी

हे जिवंत आहेत.

आज दुपारी एका शिकाऱ्याची बायको कातडी विकायच्या निमित्तानं वाडीत आली. तिनं मोजा उसवून चिठ्ठी काढून दिली आणि थांबलीसुद्धा नाही, दक्षिणेला निघून गेली. अक्षर ह्यांचंच, पण एकेक अक्षर चण्याएवढं. चष्मा घळीत पडला, लिहिलेलं दिसत नाही, म्हणून मोठं लिहितोय, असं वरच लिहिलंय. कड्यावरून घसरले, पाय दुखावला, दोन दिवस बर्फात पडून होते, मग आपल्याच एका वस्तीत लोकांनी ठेवून घेतलं. आता पाय बरा आहे. महिनाअखेरीला सगळे रशियाच्या हद्दीत जाणार. शेवटी लिहिलंय, "वाड्यांत आता मुलांना धोका आहे. इनमोला ताबडतोब माझ्याकडे पाठव."

मी मामंजींना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग अंगावरचा ताग काढायला लागले. गाठ सुटेना. मी सोडवली. जिवंत मुलाचं सुतक अंगावर ठेवणं पाप. आत पांढरा सदरा होता, त्यावर ते थंडीत तसेच बसले.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "मामंजी, मी त्यांना लिहू का? इनमोच्या बदल्यात या म्हणून?"

मला वाटलं ते मला थोबाडीत मारतील. पंचवीस वर्षांत कधी मारलं नाही, पण आज मारलं असतं तरी मी तक्रार केली नसती.

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "लिही."

"तुमचा मुलगा आहे तो."

"त्याच्यासाठी मी एकदा रडून झालोय. नातवासाठी रडायचं बळ माझ्यात नाही."

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून निजले. बाबा होते तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं, या घरातली माणसं जिवंतांचीही काळजी घेतात, फक्त ती घ्यायची वेळ आली की त्यांना दोघांतला एक निवडावा लागतो.

दहावा महिना, सतरावी

पेदादा सकाळीच आले. मी त्यांना सांगितलं, हे जिवंत आहेत, त्यांना चिठ्ठी पाठवायची आहे, दुसरं कुणी नाही मला. त्यांनी बैलाचा कासरा चाकाला बांधला. म्हणाले, "ताई, ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या कानावर घालू नकोस. चिठ्ठी मी स्वतः नेतो. कुठे द्यायची तेवढं नीट सांग."

क्योंगसंगवाली माझा हात धरून मला बाजूला ओढत होती. मी हात सोडवून घेतला. त्या वस्तीचं नाव मी इथे लिहीत नाही, तसं वचन आहे. त्यांना मात्र सांगावंच लागलं. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली.

ते बैलाला पाणी पाजतायत. तेवढ्यात चिठ्ठी लिहायची आहे. आधी वहीत लिहिते, मग उतरवते. कागद एकच आहे.

अहो,

तुमची चिठ्ठी मिळाली. इनमोला पाठव म्हणालात. त्याला मी पाठवू शकत नाही, तो योंगजोंगला जपान्यांच्या कोठडीत आहे. तुम्ही गेलात असं आम्हाला कळलं होतं. मामंजींनी छपरावरून तुम्हाला हाक मारली, मी इनमोला सुतकाचे कपडे शिवले, आणि त्या कपड्यांवरून त्यांनी त्याला ओळखून नेलं. घर जळलं, शाळाही. मामंजी बरे आहेत. महिनाअखेरीपर्यंत तुम्ही त्यांच्या हाती आलात तर ते त्याला सोडतील, नाही आलात तर सोडणार नाहीत.

तुम्ही जिवंत आहात हे वाचून मला आधी आनंद झाला नाही. आधी मनात आलं, आता माझ्याकडे बदल्यात द्यायला काहीतरी आहे. हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. तुमच्या मोठ्या अक्षरांत ते मला आत्ताच दिसतंय. तुम्ही म्हणाल, आज मी पोरासाठी गेलो तर उद्या प्रत्येकाच्या पोराला धरून नेतील. म्हणाल, मी गेलो तर माझ्याबरोबरच्यांची नावं माझ्या तोंडून काढून घेतील, मी कितीही सोसलं तरी. डोंगरात ज्यांना मी माझ्या हातानं घास भरवला तीच ती मुलं, हेही मला कळतं. हे सगळं बरोबर आहे. बरोबर आहे म्हणूनच तुम्ही तेच म्हणाल, आणि माझ्याजवळ त्यावर बोलायला काही नाही.

पंचवीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. तुम्ही नाही म्हणणार हे धरूनच मागते. योंगजोंगला या. फाटकापाशी उभे राहा, आपलं नाव मोठ्यानं सांगा आणि माझ्या मुलाला घरी पाठवा.